पासिंग जानेवारीचं, गाडी मार्चची

डिसेंबर लागला. पेपरात पानभर जाहिराती सुरू झाल्या. वर्षअखेरची सूट, एवढे हजार वाचवा, स्टॉक संपेपर्यंतच. आणि दरवर्षीप्रमाणे स्टाफरूममध्ये चर्चा सुरू झाली, की गाडी आत्ता घ्यावी का जानेवारीत पासिंग करावं. गेल्या आठवड्यात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. मी गाड्यांचा जाणकार वगैरे नाही, गणिताचा मास्तर आहे. पण यंदा जुलैमध्ये मी माझी गाडी विकली आणि त्यात माझी कशी जिरली हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते आज लिहितो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांना महिनाभरात गाडी घ्यायची आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

२०१८ च्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याला, ८ नोव्हेंबरला, आम्ही सांगलीतल्या एका शोरूममध्ये गाडी बुक केली. शोरूमचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही. कारण हे एकाच शोरूमचं दुखणं नाही. साधी पेट्रोल हॅचबॅक, आयुष्यातली पहिली चारचाकी. वडिलांना घेऊन नारळ फोडायला गेलो होतो. ते दाराजवळच्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत उभे होते आणि सेल्समन मला आत हिशोब सांगत होता.

डिसेंबरमध्ये डिलिव्हरी घेतली तर अडतीस हजारांची सूट होती. मी म्हटलं, छान, डिसेंबरात द्या. तेव्हा त्यानं खुर्ची जवळ ओढली. "सर, तुम्ही आमच्या घरचे म्हणून सांगतो. डिसेंबरात घेऊ नका. चार दिवसांसाठी गाडी एक वर्ष जुनी होते. जानेवारीत पासिंग करू, २०१९ चं मॉडेल होईल. विकताना तुम्हाला सुटीपेक्षा जास्त मिळतील."

मला हे पटलं. इतकं पटलं की मी घरी येऊन बायकोला वहीवर आकडेमोड करून दाखवली. अडतीस हजार सोडले तरी पाच-सात वर्षांनी चाळीस परत येणार, शिवाय नव्या वर्षाचा नंबर. ४ जानेवारीला गाडी दारात आली. पेढे वाटले. कोणी विचारलं तर मी सांगायचो, "२०१९ चं मॉडेल." साडेसहा वर्षं सांगत होतो.

यंदा मुलगी बारावी झाली. पुण्यात इंजिनिअरिंगला जाणार हे ठरलं. पहिल्या वर्षाची फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट धरून दोन लाख साठ हजारांच्या घरात आकडा गेला. गाडी विकायची, उरलेल्या पैशात भागवायचं आणि पुढं दोन-तीन वर्षांनी बघू, असं ठरवलं. सांगली-मिरज रस्त्यावर जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणारे बरेच जण आहेत. त्यातल्या एकाकडे गाडी घेऊन गेलो. पोरगा हुशार होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, दारांच्या रबराखाली नखानं खरवडून बघितलं, मग आरसी मागितली. कार्ड हातात घेतलं आणि दोन सेकंदात म्हणाला, "काका, २०१८ ची आहे की."

मी म्हटलं, जानेवारी २०१९ चं पासिंग आहे, नीट बघा.

"पासिंग २०१९ चं. गाडी मार्च २०१८ ची."

त्यानं बोट ठेवून दाखवलं. आरसीवर दोन तारखा असतात. एक नोंदणीची, आणि दुसरी उत्पादनाचा महिना-वर्ष. माझ्या कार्डावर स्वच्छ ०३/२०१८ छापलेलं होतं. साडेसहा वर्षं पाकिटात घेऊन फिरत होतो ते कार्ड. पोलिसांना दोनदा दाखवलं असेल. स्वतः कधी वाचलं नव्हतं.

त्यानं तीन लाख साठ सांगितले. मी विचारलं, २०१९ ची असती तर? "तीन पंच्याण्णवपर्यंत गेलो असतो."

आता इथं जरा थांबून हिशोब बघा, कारण लोक इथंच चुकतात. मी डिसेंबरची अडतीस हजारांची सूट सोडली ती गाडी "एक वर्ष नवी" व्हावी म्हणून. गाडी नवी झालीच नाही. ती मार्चमध्ये कारखान्यातून निघाली होती आणि नऊ-दहा महिने कुठल्या तरी यार्डात ऊन-पाऊस खात उभी होती. बाजारात ती २०१८ चीच राहिली. म्हणजे सूटही गेली आणि सालही गेलं. उलट गंमत अशी, की जानेवारीत मागच्या वर्षीचा उरलेला माल काढायला शोरूमवालेच सूट देत असतात. मी नुसतं विचारलं असतं, "गाडी कोणत्या महिन्याची आहे?" तर पन्नास हजार कमी करून घेता आले असते. मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. आणि त्यानं सांगितलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे आणखी. पासिंग जानेवारीचंच होतं.

घरी येऊन फाईल काढली. फॉर्म २१ म्हणजे डीलरनं दिलेला विक्रीचा दाखला. त्यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहायचा रकाना असतो. मार्च २०१८. फॉर्म २० म्हणजे नोंदणीचा अर्ज, त्यातही तो रकाना असतो. त्याची झेरॉक्स फाईलमध्ये होती. मार्च २०१८, आणि खाली माझी सही. डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समननं पंधरा-वीस कागदांवर पेन्सिलनं फुल्या मारून दिल्या होत्या, "सर, इथं, इथं आणि इथं." मी केल्या. मुलांना परीक्षेत सांगतो, प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि तुझ्याच सहीखाली महिना लिहिलेला आहे. चहा पी आणि गप घरी जा.

हे असं का होतं, हे नंतर मी थोडं शोधलं. कंपन्या दर महिन्याला विक्रीचे जे आकडे जाहीर करतात ते बहुतेक वेळा डीलरला पाठवलेल्या गाड्यांचे असतात, तुमच्या-माझ्या दारात आलेल्या गाड्यांचे नाहीत. कारखान्यातून ट्रेलर सुटला की कंपनीची विक्री झाली. पुढं ती गाडी यार्डात किती दिवस उभी राहते ते डीलरनं बघायचं, तीही बँकेचं व्याज भरत. २०२४ च्या सणांच्या तोंडावर डीलरांच्या संघटनेनंच सांगितलं होतं, की त्यांच्याकडे ८० ते ८५ दिवसांचा माल पडून आहे. ही झाली सरासरी. म्हणजे काही गाड्या आठ दिवसांत गेल्या असणार आणि काही माझ्या गाडीसारख्या कोपऱ्यात विसरल्या गेल्या असणार. जो रंग खपत नाही, जे व्हेरियंट कुणी मागत नाही, ते मागं राहतं. मी सूट आणि सीट कव्हरवर घासाघीस करत होतो तेव्हा त्याला ती मागं राहिलेली गाडी काढायची होती.

मग नोंदणीच्या तारखेला अर्थ नाही का? आहे, पण सगळीकडे सारखा नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि ती नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. त्या हिशोबात माझ्या गाडीला उलट फायदा झाला, तिचं फेरनोंदणीचं वर्ष पुढं गेलं. २०२२ च्या एप्रिलपासून चारचाकीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली आहे, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर, त्यामुळे जे गाडी शेवटपर्यंत वापरतात त्यांना हे थोडंफार उपयोगाचं. वॉरंटीही विक्रीच्या तारखेपासून. पण विकायला गेलात की समोरचा दोन सालांपैकी जुनं साल धरतो आणि आपण नवं सांगतो. सगळी घासाघीस तिथंच असते. आणि त्याच्याकडे तोडायला कारणही असतं, कारण पुढं त्याला ती विकायची असते आणि पुढचं गिऱ्हाईकही आरसी बघणारच.

किती फरक पडतो, याचं उत्तर गाडी कधी विकणार त्यावर आहे. विम्याचा तक्ता बघितला तरी अंदाज येतो. पहिल्या सहा महिन्यांत किमतीचे ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि मालकानं आपसात ठरवायचं. म्हणजे पहिल्या पाचात एकेक वर्ष म्हणजे किमतीचा दहावा हिस्सा. बाजार अगदी या तक्त्यानं चालत नाही, पण चाल तीच. तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याला एक साल फार महाग पडतं. दहा-बारा वर्षं वापरणाऱ्याला काही फरक नाही. तेव्हा कुणी साल बघत नाही, इंजिनचा आवाज आणि पत्रा बघतात. आमच्या शाळेच्या शिपायाची गाडी चौदा वर्षांची आहे. तो डिसेंबरात घेतली का जानेवारीत हे विसरूनही गेला असेल.

म्हणून स्टाफरूममधल्या तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. एकाला म्हटलं, तू दहा वर्षं वापरणार, गाडी ऑक्टोबर-नोव्हेंबरची असेल तर डिसेंबरची सूट घे आणि गप बस. दुसरी म्हणाली, नवऱ्याची बदली होते, तीन वर्षांत विकू. तिला म्हटलं, जानेवारीत नुसतं पासिंग नको, जानेवारीत बनलेलीच गाडी माग, म्हणजे फेब्रुवारी उजाडेल, उजाडू दे. तिसरा नुसता ऐकायला आला होता.

आणि हे सगळं कॅलेंडरच्या वर्षापुरतंच नाही. माझ्या मेहुण्यानं २०२० च्या मार्चमध्ये बीएस-४ गाडी घेतली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ सक्तीचं होणार होतं, बीएस-४ गाड्या ३१ मार्चच्या आत विकून नोंदवायच्या होत्या, त्यामुळे भरघोस सूट होती. त्याला डिलिव्हरी पाडव्याला पाहिजे होती. पाडवा होता २५ मार्चला. देशभर लॉकडाऊन सुरू झालं तोच दिवस. पैसे दिलेले, बिल झालेलं, गाडी शोरूममध्ये, आरटीओ बंद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोंदणी मध्येच थांबवली, आणि शेवटी ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली, तीही ३१ मार्चच्या आत विकलेल्या आणि वाहनच्या पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांनाच. बिल तारखेत होतं म्हणून तो सुटला. पाच महिने रोज फोन करायचा. ती गाडी आता विकायला काढली तर पहिला प्रश्न येतो, "बीएस-४ का?" मार्च आणि एप्रिलमधला तो एक महिना तिला जन्मभर चिकटला.

यंदाचं तर ताजंच आहे. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, जीएसटी उतरला. छोट्या पेट्रोल गाड्यांवर २८ टक्के अधिक १ टक्का उपकर होता, तो सरळ १८ वर आला. ज्यांनी गणपतीत गाडी घेतली ते आणि ज्यांनी नवरात्रात घेतली ते, गाडी एकाच कारखान्याची, कदाचित एकाच आठवड्यात बनलेली. विकायला गेल्यावर दोघांना भाव एकच मिळणार, कारण जुन्या गाडीचा भाव नवीच्या आजच्या किमतीला बांधलेला असतो, तुम्ही काय भरलं होतं त्याला नाही. पितृपक्षात खरेदी करत नाहीत म्हणून आमच्या गल्लीतले दोघे योगायोगानं वाचले. श्रद्धेचा एवढा रोख फायदा मी पहिल्यांदाच पाहिला.

असो. आता उरलेलं अर्धं.

त्या व्यावसायिकाकडून घरी आल्यावर मी ठरवलं, की थेट गिऱ्हाईक बघायचं. व्हॉट्सॲपला फोटो टाकला. दुसऱ्याच दिवशी तासगाव तालुक्यातून एकाचा फोन आला. माझाच विद्यार्थी. दहावीला गणितात कसाबसा सुटलेला, पण वर्गातला सगळ्यात सरळ पोरगा. आता बेदाण्याच्या व्यवसायात आहे, थोडी द्राक्षबाग आहे. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. भाड्याच्या गाडीला फार पैसे जातात, म्हणून जुनी घ्यायची होती.

तो आला. गाडी बघितली म्हणजे काय, दार उघडून आत बसला आणि मागच्या सीटवर किती जागा आहे ते बघितलं. आईला आडवं होता येईल का एवढंच त्याला बघायचं होतं. मग खाली उतरून म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हटल्यावर मी काय बघायचं? २०१९ चं मॉडेल ना?"

आणि मी म्हणालो, "पासिंग जानेवारी २०१९ चं आहे."

तेच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाही. चार लाख पंचवीसला व्यवहार ठरला. त्यानं पंचवीस हजार विसार दिला, बायकोनं केलेले पोहे खाल्ले, पाया पडून गेला.

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं, ते लिहितो. आरसी त्याला मिळणारच होती. त्यावर छापलेलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो. मुलीची फी होती. मला कुणी सांगितलं होतं का? सगळं बरोबर मांडता येत होतं. रात्री जेवताना बायको म्हणाली, "पंधरा दिवस झाले त्या सेल्समनच्या नावानं खडे फोडताय. आज तुम्ही काय केलंत?" मी म्हटलं, व्यवहारात असं असतं. ती उठून आत गेली. भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी.

सकाळी प्रार्थनेच्या आधी मी त्याला फोन केला. सांगितलं, गाडी मार्च २०१८ ची आहे, बाजारात ती २०१८ ची धरतात, तीस-पस्तीस हजारांचा फरक पडतो, विसार परत पाहिजे तर आज देतो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "बघून सांगतो सर." नेहमी "बरं सर" म्हणणारा पोरगा.

दोन दिवस फोन नाही. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी आला तो मामाला घेऊन. मामा म्हणजे तासगावच्या बेदाणा सौद्यात मुरलेला माणूस. नमस्कार केला, पाणी प्यायला आणि सरळ टायरजवळ उकिडवा बसला. मोबाईलची बत्ती लावून टायरवरचे आकडे वाचले. मला ही गोष्ट माहीत नव्हती. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरवर ०८१८ होतं. म्हणजे २०१८ चा आठवा आठवडा, फेब्रुवारी. "मास्तर, टायर बी सात वर्षाचं हाय. बदलायचं चार टायर, त्याचं कोन देनार?" मग चॅसी नंबर. बऱ्याच कंपन्यांच्या चॅसी नंबरात दहावं अक्षर वर्षाचं असतं, जे म्हणजे २०१८, के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. सगळ्या कंपन्यांची पद्धत एक नाही, त्यामुळे त्यावरच विसंबू नका, पण मामाला कोणत्या कंपनीचं काय ते पाठ होतं. भाचा बाजूला उभा राहून जमिनीकडे बघत होता. त्याला लाज वाटत होती, मला जास्त वाटत होती, मामाला अजिबात नाही.

तीन लाख पंच्याऐंशीला तुटलं. चाळीस हजार कमी. मी फार ओढलं नाही. हॉस्टेलचं डिपॉझिट भरायला पतसंस्थेतून कर्ज काढलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. बायको एक शब्द बोलली नाही. चांगलं केलंत असंही म्हणाली नाही.

आता हे सार्वजनिक भिंतीवर लिहायचं कारण. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर तो कोणत्या महिन्यात बांधला ते छापावं लागतं. दुधाच्या पिशवीवर तारीख असते. आठ लाखांच्या गाडीचं कोटेशन घ्या, त्यावर रंग असतो, व्हेरियंट असतं, मॅट आणि मडफ्लॅपची किंमत असते, विस्तारित वॉरंटी असते. मला मिळालेल्या कोटेशनवर उत्पादनाचा महिना नव्हता, बुकिंगच्या पावतीवर नव्हता. या महिन्यात स्टाफरूममधल्या दोघांची कोटेशनं मी बघितली, वेगवेगळ्या शोरूमची, त्यावरही नाही. तो महिना पहिल्यांदा दिसतो तो फॉर्म २० आणि २१ वर, म्हणजे पैसे भरून झाल्यावर, फुल्या मारलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात. माहिती लपवलेली नाही, असं शोरूमवाला म्हणू शकतो आणि ते खरंही आहे. फक्त ती तुमच्या हातात तेव्हा येते जेव्हा तिचा काही उपयोग उरलेला नसतो.

ब्रिटनमध्ये माझा एक वर्गमित्र असतो. तिथं वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरला, नंबरप्लेटवरचे आकडे बदलतात. यंदा मार्चपासून २५ होता, सप्टेंबरपासून ७५. रस्त्यानं जाणाऱ्यालाही गाडी कधी नोंदवली ते कळतं. त्यामुळे ऑगस्टमध्ये तिथले लोक थांबतात आणि शोरूमवाले सूट देतात. लोभ तिथंही तोच. आणि तिथली प्लेटही नोंदणीचाच काळ सांगते, कारखान्याचा नाही. आपल्याकडे निदान आरसीवर दोन्ही छापतात, हे आपल्या व्यवस्थेचं श्रेय मान्य करायला पाहिजे. फक्त ते चार महिने आधी, कोटेशनवर छापा एवढंच म्हणणं आहे. परिवहन विभागानं एक परिपत्रक काढलं तरी होण्यासारखी गोष्ट आहे. मी परिवहन आयुक्तांच्या नावे अर्ज तयार केला आहे, एक पानाचा. ग्राहक पंचायतीत काम करणाऱ्या दोघांनी बघून दिला. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा. गाडी घेतलेल्यांनी, फसलेल्यांनी, न फसलेल्यांनीही.

तोपर्यंत ज्यांचं बुकिंग झालं आहे त्यांनी एवढं करा. पैसे पूर्ण भरायच्या आधी शोरूमला लेखी, निदान व्हॉट्सॲपवर, विचारा की मला मिळणाऱ्या गाडीचा चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना कोणता. सेल्समन म्हणेल, गाडी अजून अलॉट झाली नाही. मग अलॉट झाल्यावर उरलेले भरतो म्हणा. गाडी यार्डात आली की दिवसाउजेडी जाऊन बघा, टायरचे चार आकडे वाचा. टायर गाडीच्या आधीच बनतो, त्यामुळे टायर फेब्रुवारीचा असेल आणि गाडी नोव्हेंबरची म्हणत असतील तर कारण विचारा. महिना जुना निघाला म्हणून गाडी वाईट असं नाही. बॅटरी तपासा, आणि तेवढी किंमत कमी करून मागा. नोंदणी झाल्यावर मागाल तर तुम्हाला फक्त चहा मिळेल. आणि एक, कायम नसेल तर तात्पुरती तरी नोंदणी झाल्याशिवाय शोरूमला गाडी तुमच्या ताब्यात देता येत नाही, नियमातच आहे. तेव्हा "गाडी आत्ता घेऊन जा, पासिंगचं जानेवारीत बघू" असं कुणी म्हणालं तर किल्ली हातात घेऊ नका. वाटेत काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा तेच विचारेल.

सप्टेंबरात जीएसटी उतरला तेव्हा मला पहिली आठवण त्या पोराची झाली. म्हणजे माझ्याकडून घेतलेली गाडी दोन महिन्यांत आणखी उतरली. फोन करायचा धीर झाला नाही. नोव्हेंबरमध्ये मिरजेत एका दवाखान्याच्या दारात तोच भेटला. आई मागच्या सीटवर उशी घेऊन झोपली होती. मला बघून बाहेर आला, पाया पडायला वाकला, मी धरलं. गाडी कशी चालते विचारलं. म्हणाला, चांगली आहे सर, ॲव्हरेज अठरा देते. मग पुढच्या चाकाकडे बोट करून म्हणाला, "चारी टायर बदलले. मामानं आधी आकडे वाचले, मग दुकानदाराला पैसे दिले."